हशा दोनदा येतो: सोलापूरच्या प्रेक्षकांचे अनुभव

तिसरी घंटा

मी शाळेत शिकवते आणि पंचवीस वर्षांपासून सोलापुरात हौशी नाटक करते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी हुतात्मा स्मृती मंदिरात उभी राहिले आहे, गणपतीच्या मांडवातही काम केलंय. पण प्रेक्षक म्हणजे काय, हे मला एका शाळेच्या व्हरांड्यात कळलं. ते आधी सांगते, मग तुमच्याकडून ऐकायचंय.

बालनाट्य घेऊन आम्ही पूर्व भागातल्या शाळांमधून फिरत होतो. बाहेरगावच्या मंडळींसाठी सांगते, पूर्व भाग म्हणजे कन्ना चौक, अशोक चौक, साखर पेठ, दाजी पेठ हा सगळा पट्टा. चादरी-टॉवेलांच्या यंत्रमागांचा खडखडाट आणि घरोघरी तेलुगू. शाळा मराठी असली तरी पहिली-दुसरीतल्या मुलांच्या तोंडात मराठी अजून बसलेली नसते. मी कोल्ह्याची आई होते. एका वाक्यावर हमखास हशा यायचा. तिथे वाक्य टाकलं आणि पंधरा-वीस मुलं हसली. हशा विरल्यावर मी पुढचं वाक्य घेतलं, आणि त्याच्या मधोमध आधीपेक्षा कितीतरी मोठा हशा आला. माझं वाक्य बुडालं. मला वाटलं शेपटी सुटली असावी. पुन्हा तसंच झालं, पुन्हा तिसऱ्यांदा झालं, तेव्हा लक्षात आलं. ज्यांना मराठी कळत होतं ती मुलं आधी हसत होती, मग शेजारच्याच्या कानात तेलुगूत सांगत होती. दुसरा हशा त्या सांगण्यातून येत होता. आणि तो मोठा असायचा, कारण पहिल्यांदा हसलेली मुलं त्यात पुन्हा सामील व्हायची.

पुढच्या शाळेपासून आम्ही बसवलेलं नाटक मोडलं. दोन हशांच्या मध्ये जागा ठेवली. तेवढ्यात कोल्हा अंगावरची धूळ झटकायचा, मी चुलीपाशी वाकायचे. चाळीस मिनिटांचं नाटक पन्नास मिनिटांचं झालं आणि त्याला श्वास मिळाला. एका शाळेत दुसऱ्या ओळीत एक मुलगी होती. तिच्या आजूबाजूची दहा-बारा मुलं आमच्याकडे बघतच नव्हती, तिच्या तोंडाकडे बघत होती. नंतर बाईंना विचारलं तर कळलं, तिने आमच्या कोल्ह्याला गल्लीतल्या किराणा दुकानदाराचं नाव ठेवलं होतं आणि त्याचे सगळे संवाद स्वतःचे म्हणत होती.

समोर बसलेल्या माणसांनी तुमची कला बदलली, किंवा समोर बसून तुम्ही कुणाची बदललीत, असं घडलं असेल तर लिहा. शहर असो वा जिल्हा, कला कोणतीही, भाषा कोणतीही.

केबिनमधला माणूस

ताई, मी आयुष्यभर प्रेक्षकांच्या पाठीच बघितल्या. टॉकीजच्या केबिनमध्ये भिंतीला चौकोनी भोक असतं, त्यातून खाली फक्त डोकी दिसतात. १९७९ पासून ऑपरेटर होतो. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटं चालायचं, ते संपायच्या आत दुसऱ्या मशीनवर पुढचं तयार पाहिजे. उजेडासाठी कार्बनच्या कांड्या. त्या जळतील तशा जवळ सरकवाव्या लागायच्या. जरा नजर हलली की पडदा पिवळा पडायचा आणि थेटरभर शिट्ट्या. म्हणजे माझ्या हातचं काम पब्लिक दर मिनिटाला तपासत होतं असं म्हणा की.

आमच्याकडं गिरणीची माणसं लई यायची. पाळी सुटली की अंगावर कापसाची लव घेऊन तशीच तिकिटाच्या रांगेत. गाणं लागलं की चिल्लर पडद्यावर, आणि संपलं की ‘वन्समोर’. एका खेळाला त्यांनी काही केल्या पुढचा सीन चालू दिला नाही. मालकानं खालून हात केला. मी मशीन थांबवली, रीळ हातानं उलटं गुंडाळलं, पुन्हा लावलं. पाच-सात मिनिटं अंधार. एक माणूस उठून गेला नाही. तेव्हापासून पिक्चर नवा आला की पहिल्या दिवशी मी पब्लिक कुठं उसळतंय ते ऐकायचो आणि त्या गाण्याच्या सुरुवातीला रिळात कागदाचा तुकडा घालून ठेवायचो.

याच्या उलटंही व्हायचं. ज्या सीनला लोक घोळक्यानं बाहेर लघवीला जायचे, तो सीन दुसऱ्या आठवड्यात कापायला सांगायचे. मी कापलाय. माझ्या हातानं, कात्रीनं, चिकटपट्टी लावून. त्या पिक्चरच्या दिग्दर्शकाला कधी कळलंही नसेल की सोलापुरात त्याचा पिक्चर बारा मिनिटांनी लहान झाला. मला आज ते बरं वाटत नाही. एक सीन असा कापला होता त्यात म्हातारी नुसती दाराशी बसून वाट बघते, दुसरं काही होत नाही. मला तो सीन आवडायचा.

आता शेवटचं. २०१६ ला रिटायर माणूस म्हणून ‘सैराट’ बघायला गेलो, पुतण्याबरोबर. आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या पोराचा पिक्चर. गाण्याला पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढं नाचत होती, ते मला नवं नव्हतं. नवं पुढं झालं. शेवटाला पडद्यावरचाच आवाज बंद होतो, तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा थेटरात खुर्चीचा खट्ट असा एक आवाज आला नाही. पिक्चर संपत आला की खुर्च्या मिटल्याचा आवाज मी तीस-पस्तीस वर्षं ऐकलाय, शेवटची पाटी लागायच्या आधी तो सुरू होतो. त्या दिवशी दिवे लागले तरी झाला नाही. मघाशी नाचलेली तीच पोरं होती.

तिसरी घंटा

काका, म्हातारीचा तो सीन तुमच्याजवळ कुठे राहिला असेल तर सांभाळून ठेवा.

केबिनमधला माणूस

तुकडे पोरं फ्रेम बघायला मागून न्यायची. काही शिल्लक नाही.

मागची ओळ

मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती द्यायला दुसरी जागा नाही.

सोलापूरला गाणं ऐकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. प्रा. श्रीराम पुजारी यांचं नाव जुने लोक अजून आदराने काढतात. कुमार गंधर्व, भीमसेन जोशी यांच्यासारख्यांचा त्यांच्या घरी राबता होता. कलाकाराला ‘इथे आपलं ऐकून घेतील’ असं वाटावं, ही त्या पिढीची कमाई. आम्ही तिच्यावर वाढलो, असं निदान मी समजत होतो.

आठ-दहा वर्षांपूर्वी एका तरुण गायिकेची संध्याकाळची मैफल होती. तिने मारवा राग घेतला. मारवा ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक आहे, त्यात पंचम हा स्वर नाही आणि षड्ज, म्हणजे मूळचा ‘सा’, सहजासहजी हाती लागत नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यात गाणं असं फिरतं की घर दिसतंय पण दार उघडत नाही. ती विलंबितात, म्हणजे संथ लयीत होती. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. मला अस्वस्थ वाटायला लागलं. आज कळतं की ती अस्वस्थता म्हणजेच मारवा, आणि ती माझ्यापर्यंत पोचवण्यासाठीच ती बिचारी जीव ओतत होती. मला तेव्हा वाटलं की मी कंटाळलोय. मी खिशातून कागद काढला, ‘कृपया एखादा अभंग व्हावा’ असं लिहिलं आणि पुढच्या खुर्चीवर दिलं. चिठ्ठी हातोहात पुढे गेली. मग दिसलं की दुसऱ्या बाजूनेही दोन चिठ्ठ्या निघाल्या आहेत. माझी बघून निघाल्या की आधीपासून होत्या, माहीत नाही.

तिने पेटीवाल्यासमोर ठेवलेल्या चिठ्ठ्या नजरेने वाचल्या. गाणं थांबवलं नाही. पण त्यानंतर ती डोळे मिटून गात नव्हती, आमच्याकडे बघून गात होती. पाच मिनिटांत द्रुत, म्हणजे जलद लय, मग अभंग. अभंगाला सभागृह दणाणलं. मीही जोरात टाळ्या वाजवल्या.

बाहेर चप्पल शोधताना शेजारचे एक गृहस्थ स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “मारवा राहिला.” एवढंच. मी घरी चालत गेलो, सात रस्त्यापर्यंत रिक्षा केली नाही. तेव्हापासून मी मैफलीला पेन नेत नाही. आणि गाणं नकोसं वाटायला लागलं की पाच मिनिटं जास्त बसतो. कितीतरी वेळा त्या पाच मिनिटांतच काहीतरी उघडलं आहे.

पेटीवाला, मोडनिंब

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. फर्माईश हा आमच्या पोटाचा विषय.

उमेदीची वर्षं मी मोडनिंबच्या कलाकेंद्रांत पेटी वाजवली. लोक फड आणि संगीत बारी यांत गल्लत करतात म्हणून आधी तेवढं. फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग, म्हणजे गोष्टीचं नाट्य, हे सगळं, आणि समोर जत्रेतली हजारो माणसं. बारीत वग नसतो. गाणं, नाच, अदा. समोर पाच-पंचवीस माणसं, खासगी बैठक असली तर दोघं-तिघंसुद्धा. अंतर इतकं कमी की बाईंना समोरच्याच्या पापण्या दिसतात.

बैठकीच्या लावणीत बाई बसून गातात आणि एकच ओळ पाच-सहा वेळा घेतात. दर वेळी अदा वेगळी. कधी रुसवा, कधी आर्जव, कधी चिमटा. ओळ किती वेळा फिरवायची हे आम्हा साजिंद्यांना आधी ठाऊक नसतं. ते समोरचा माणूस ठरवतो, बोलून नाही, नुसतं बघण्यातून. माढ्याकडचे एक म्हातारे शेतकरी यायचे. दौलतजादा, म्हणजे पैसे उधळणं, जेमतेम करायचे. पण ते आले की बाई ठेवणीतल्या जुन्या लावण्या काढायच्या. तशा रात्री मला पेटीवर हात कमी आणि कान जास्त वापरावा लागे. त्यांच्यापुढं बाई जे गायल्या ते दुसऱ्या कुणापुढं मी ऐकलं नाही.

पुढं नोटा उडवणारे बदलले. सिनेमाच्या गाण्याची फर्माईश, तीही अर्ध्यात तोडून दुसरी. ज्याची नोट मोठी त्याचं गाणं. म्हातारे यायचे बंद झाले, बहुतेक गेले. बाईंनी मुलीला जुन्या चाली शिकवणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाल्या, “मास्तर, शिकवीन. पण ती गाईल कुणापुढं?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

उत्तर अकलूजला मिळालं. तिथल्या लावणी स्पर्धेला घरंदाज बायका लेकी-सुनांना घेऊन येऊ लागल्या होत्या. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा समोर बायका बघितल्या. विरहाची लावणी होती. धनी परगावी गेलाय आणि घरातली कामं सरता सरत नाहीत, अशी ओळ. बारीत त्या ओळीला कधीच दाद आली नव्हती, पुरुष पुढच्या अदेची वाट बघायचे. तिथं त्या ओळीवर बायकांच्या बाजूनं असा काही हुंकार आला की बाई अडखळल्या. मग तीच ओळ त्यांनी पुन्हा घेतली, हात न हलवता, नुसती. पुरुष अदेला दाद देत आले होते, बायकांनी शब्दाला दिली.

परत येताना गाडीत त्यांनी मुलीला तीच लावणी सांगायला घेतली. टेंभुर्णी येईपर्यंत दोन कडवी झाली होती.

बाळीवेसकर

पेटीवाले मास्तरांनी लावणीचा विषय काढलाच आहे तर एक आठवण गावाची म्हणून. पेशवाईच्या अखेरच्या काळातले शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचे. घर शास्त्री-पुराणिकांचं, आणि धोंडी शाहिराच्या फडाचा नाद. आपल्या लावणीचा एवढा मोठा कवी आधी फडापुढे बसलेला एक श्रोता होता. घरच्यांना ते बसणं पसंत नव्हतं, असंच सगळे सांगतात. बसला नसता तर?

तेंदूपान

कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत असताना आम्ही विडी कामगार बायकांच्या आरोग्यावर पथनाट्य बसवलं होतं. खोकला, पाठदुखी, डोळे, तंबाखूची धूळ, सगळी माहिती जमवली होती. कॉलेजच्या पटांगणात दोन प्रयोग झाले, टाळ्या मिळाल्या. मग म्हटलं, ज्यांच्यावर आहे त्यांच्यासमोर करू.

विडी घेणाऱ्या एका कारखान्याबाहेर, बायका तयार माल देऊन बाहेर पडतात त्या वेळी आम्ही डफ वाजवला. तीस-चाळीस जणी थांबल्या. माझं काम विडी वळणाऱ्या बाईचं. मांडीवर सूप घेऊन खाली बसले आणि अभिनय सुरू केला. दोन मिनिटांत कुजबुज. मग एक बाई सरळ रिंगणात आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझा हात धरला. “तसं न्हाई. असं.” भिजवलेलं पान डाव्या हातात कसं धरायचं, कात्रीनं कसं कापायचं, तंबाखू किती, वळताना अंगठा कुठे आणि शेवटी तोंड दुमडून दोरा कसा बांधायचा. खोटं पान आणि रिकामं सूप असताना तिने सगळं करून दाखवलं. बाकीच्या तेलुगूत काहीतरी ओरडत होत्या. ती मला म्हणाली, “हजार वळायच्यात. तू एकच वळत बसलीस, त्याला पाच मिनटं लावलीस. आन् पाठ दुखती म्हणतीस. पाठीआधी मान दुखती.”

आमचा दिग्दर्शक, तिसऱ्या वर्षाचा मुलगा, हुशार होता. त्याने संवाद थांबवले आणि तिलाच विचारलं, पुढे काय होतं? मग ती बोलली. वळलेल्या विड्यांतल्या खराब म्हणून किती बाजूला काढतात, त्याचे पैसे कसे बुडतात, रात्री मुलं झोपल्यावर दोरे कसे बांधतात. दुसरी उठली, तिसरी उठली. आम्ही आठही जण नकळत रिंगणाच्या कडेला सरकलो होतो. डफ माझ्या मैत्रिणीच्या हातात होता, तो तिने जमिनीवर ठेवला.

नंतर आम्ही नाटक नव्याने लिहिलं. खोकला होता तिथेच राहिला. पण सुरुवात मोजणीपासून झाली, हजारापर्यंत. एक जण मोजत राही आणि त्या आकड्यांवर बाकीचं नाटक चाले.

तिसरी घंटा

हे वाचून मी थोडा वेळ काहीच करू शकले नाही. पाठीआधी मान.

रदीफ

माझे अब्बा विजापूर वेशीत शिवणकाम करायचे आणि मुशायरा, म्हणजे उर्दू शायरीची मैफल, सोडायचे नाहीत. मला लहानपणी मांडीवर घेऊन बसायचे. मराठी वाचकांना मुशायऱ्यातली एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिथे प्रेक्षक अर्धा कवी असतो.

ग़ज़लेच्या शेराच्या शेवटी ठरलेला शब्द येतो तो रदीफ, त्याच्या आधी यमक जुळवणारा तो काफिया. शायर शेराची पहिली ओळ दोनदा-तीनदा म्हणतो. लोक ती उचलतात, परत म्हणतात, ‘इर्शाद’, म्हणजे ‘ऐकवा’, म्हणतात. या वेळात खाली बसलेला प्रत्येक जण मनात दुसरी ओळ रचत असतो. शायर दुसऱ्या ओळीच्या शेवटाला येतो तेव्हा रदीफ सगळा मांडव मिळून म्हणतो. पण काफिया? तो जर लोकांनी शायराच्या आधी ओळखला, तर शेर तिथेच मेला. लोक हसत नाहीत, चिडवत नाहीत, फक्त त्याच्या आधी शब्द म्हणून टाकतात. आणि लोकांनी धरलेला शब्द सोडून शायर दुसराच घेऊन आला, आणि तो चपखल बसला, तर माणसं जागेवरून उठतात.

एका रात्री एका नवख्या मुलाचे लागोपाठ तीन काफिये लोकांनी आधी म्हटले. तो घामाघूम झाला. चौथ्या शेराला तो पहिली ओळ म्हणून गप्प बसला. लोकांनी काफिया म्हटला. त्याने मान हलवली, नाही. दुसरा म्हटला. नाही. मग त्याने हळूच आपला शब्द ठेवला. अब्बांनी मला मांडीवरून खाली ठेवलं, कारण त्यांना दोन्ही हात वर करायचे होते. तो शेर मला पूर्ण आठवत नाही, पण तो नकार आठवतो. शेर आधीच रचलेला होता की लोकांचे दोन शब्द ऐकून त्याने तिथल्या तिथे बदलला, यावर अब्बा आणि त्यांचे दोस्त आठवडाभर वाद घालत होते.

टाळकरी

आमची, म्हणजे कीर्तनातल्या टाळकऱ्यांची, जागा विचित्र आहे. बुवांच्या मागे उभे, म्हणून लोक आम्हाला कलाकार समजतात. पण बुवा काय बोलणार हे आम्हालाही ठाऊक नसतं, म्हणून आम्ही श्रोतेही. आषाढीला पंढरपूरच्या वाळवंटात हाकेच्या अंतरावर दोन-दोन कीर्तनं चालतात, माणूस इथून उठून तिथे जाऊन बसू शकतो. तिथे बुवा रात्रीच्या अभंगाचं निरूपण समोरची माणसं बघून वळवतात. पायाला फोड आलेली, दिवसभर चाललेली माणसं समोर असली की वेदान्त आवरता घेऊन चाल लावतात आणि गजर वाढवतात. एका पावसाने ओढ दिलेल्या वर्षी आमच्या बुवांनी समोर नजर फिरवली, योजलेला अभंग बदलला आणि नामाचा अभंग घेतला. मृदंगवाल्याला डोळ्याने खुणावलं तेव्हा आम्हाला कळलं. त्या रात्री दृष्टांत एकच, बाकी नुसतं नाम.

ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय सुरू होतो तोच श्रोत्यांकडे अवधान मागून. बुवा म्हणतात, माऊलींनीही मागितलं, तर आपण कोण.

हर्र बोला हर्र

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या, यात्रेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून चार ओळी. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्यात, म्हणजे त्यांच्या प्रतीकात्मक लग्नात, संमती कट्ट्याजवळ उभं राहिलात तर बघणारा आणि करणारा वेगळा काढता येत नाही. सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी. कन्नडमधल्या संमतीचं, म्हणजे या लग्नाच्या मंगलाष्टकांचं, वाचन होतं, ‘सत्यम सत्यम’ ऐकू आलं की लाखो हात एकदम उठतात आणि अक्षता पडतात. माझे आजोबा कन्नड बोलायचे, मला कन्नड येत नाही. पण हात कधी उचलायचा हे मला पाचव्या वर्षापासून येतं.

विंगेतून

मी ताईंच्याच संस्थेत प्रकाशयोजना बघतो. २०२१ चा प्रयोग त्यांनी सांगितला नाही, म्हणून मी सांगतो.

करोनामुळे बंद झालेली नाट्यगृहं २२ ऑक्टोबर २०२१ पासून राज्यात उघडली, पन्नास टक्के आसनांवर. एक खुर्ची सोडून एक माणूस, तोंडावर मास्क. आमचं नाटक विनोदी. मधल्या काळात आम्ही ते मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर दोनदा केलं होतं आणि दोन्ही वेळा सगळ्यांची लय घसरली होती. हशासाठी थांबावं तर समोर काही नाही, न थांबावं तर जीभ अडखळते.

पहिल्या अंकाची पहिली दहा मिनिटं भयाण गेली. हशा येत होता, पण मास्कमधून दबून येत होता आणि रिकाम्या खुर्च्यांवर पडून विरत होता. माणूस हसताना शेजारच्याला कोपर लागतं, त्यातून हसणं पुढे सरकतं. इथे कोपर लागायला कुणी नव्हतं. मी दिव्यांच्या टेबलाशी होतो. माझ्या लक्षात आलं की लोकांचे खांदे हलतायत. मध्यंतरात जाऊन नटांना सांगितलं, कान लावू नका, खांदे बघा. आणि सभागृहातला उजेड मी नेहमीपेक्षा थोडा वर ठेवला, त्यांना खांदे दिसावेत म्हणून. नियमाने तो अंधार असायला हवा होता. दुसरा अंक जागेवर आला.

प्रयोग संपल्यावर एक आजोबा मागच्या दाराने आत आले. घसा बसला होता. म्हणाले, “मी जरा मोठ्यानं हसत होतो. त्रास नाही ना झाला? शेजारची खुर्ची मोकळी होती, तिचंही हसावं म्हटलं.”

दुसऱ्या हशातला

ताई, मी दाजी पेठेतला. तुमचं नाटक नाही, पण लहानपणी शाळेत असंच एक कोल्ह्याचं नाटक आलं होतं आणि मी दुसऱ्या हशातला होतो. माझा मित्र मराठी समजणारा. तो सांगेल तसं मी हसायचो. मोठेपणी तीच गोष्ट छापील वाचली तेव्हा कळलं, त्याने मला अर्धी चुकीची सांगितली होती. माझ्या डोक्यात अजून त्याचीच गोष्ट आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर अव्वाला, म्हणजे आजीला, मी सगळं नाटक करून दाखवलं. ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. मित्राची अर्धी गोष्ट आणि माझी अर्धी. ती हसली तेव्हा हातातली विडी सुटली, ती तिने परत उचलून वळली. मग विचारलं, शेवटी त्या कोल्ह्याचं लग्न झालं का?

नाटकात लग्न नव्हतं. मी म्हटलं, झालं.